मेडिसिनच्या वॉर्डात पायाच्या शिरांमध्ये न कळत साकळणारे रक्त

नागपुरातील मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतील एखादे खासगी रुग्णालय, यांपैकी कोठेही मेडिसिनच्या वॉर्डात गेलो तर ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झालेली नाही आणि होणारही नाही, असेच रुग्ण बहुतेक खाटांवर दिसतात. कोणाला न्यूमोनिया आहे, कोणाचे हृदय कमजोर झाले आहे, कोणाला पक्षाघात झाला आहे, तर कोणाच्या रक्तात संसर्ग पसरला आहे. शहरातल्या रुग्णांइतकेच गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट इथून आलेलेही त्यांत असतात. सोबतच्या नातेवाइकांचे लक्ष ऑक्सिजनच्या आकड्याकडे, तापाकडे आणि लघवीच्या पिशवीकडे असते. पाय मात्र पांघरुणाखाली असतात. या रुग्णांपैकी काहींच्या पायाच्या खोल शिरांमध्ये भरती झाल्यानंतरच्या काही दिवसांतच रक्त साकळून गुठळी तयार होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पाय दुखत नाही, सुजत नाही, लालही होत नाही. गुठळी बोलत नसेल तर तिच्या बोलण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. ती होण्याची शक्यता कोणाला किती आहे, याचा हिशेब भरतीच्या दिवशीच मांडावा लागतो. तो हिशेब कसा मांडतात आणि त्यात नेमके काय अडते, हे समजून घेण्यासाठी आधी पायातल्या रक्ताचा प्रवास पाहू.

हृदयाने पायाकडे ढकललेले रक्त परत वर आणण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल उचलतो तेव्हा हे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. माणूस खाटेवर पडून राहिला की हा पंप जवळजवळ बंद पडतो. नदीच्या वळणावर पाणी संथ होते आणि तेथेच गाळ बसतो, तसे झडपेच्या मागच्या खोलगट कोपऱ्यात रक्त घुटमळते, तेथे प्राणवायू कमी पडतो, आणि गुठळीची सुरुवात बहुधा याच जागी होते. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरशॉ याच्या १८५६ मधील लेखनाशी जोडलेली तीन कारणे आजही वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात: रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला गुठळी होऊ शकते, हे आता सर्वसामान्य लोकांनाही बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर त्यासाठीची औषधे जवळजवळ नेमाने दिली जातात. मेडिसिनचा रुग्ण मात्र या बाबतीत मागे पडतो, कारण त्याच्या अंगावर कोठे टाके दिसत नाहीत. वास्तविक तिन्ही कारणे त्याच्या ठायी एकत्र आलेली असतात. तो पडून असतो. संसर्गामुळे आणि दाहामुळे रक्त गोठवणारी द्रव्ये वाढलेली असतात. दाहाचा परिणाम शिरांच्या अस्तरावरही होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उष्माघाताने किंवा जुलाबाने शरीरातले पाणी कमी होऊन भरती होणाऱ्यांच्या बाबतीत दाट झालेल्या रक्ताची त्यात भर पडते.

गुठळी गप्प का राहते, याची कारणे फारशी गूढ नाहीत. पोटरीतल्या शिरा जोडीजोडीने असतात आणि एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एक बंद झाली तरी रक्त शेजारच्या वाटेने निघून जाते. मांडीतली शीर रुंद असते; तिच्या भिंतीला चिकटून गुठळी वाढत असली तरी बाजूने रक्त वाहत राहते. शिवाय उभ्या माणसाच्या पायावर गुरुत्वाकर्षणाने जशी सूज चढते, तशी पडून असलेल्या माणसाच्या पायावर चढत नाही. आणि सूज आलीच, तर तिचे खापर हृदयावर, मूत्रपिंडावर, रक्तात कमी झालेल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर किंवा सलाइनवर फोडता येते. पक्षाघाताचा रुग्ण दुखते आहे असे सांगू शकत नाही. ऑक्सिजनच्या मास्कखाली धापा टाकणाऱ्याला पोटरीतल्या बारीक दुखण्याकडे लक्ष द्यायला सवड नसते. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, हे पाहण्याची जुनी पद्धत तर इतकी बेभरवशाची आहे की तिच्यावरून काही ठरवू नये.

पोटरीतल्या बऱ्याच लहान गुठळ्या शरीर स्वतःच विरघळवून टाकते. काही मात्र वर सरकत गुडघ्यामागच्या आणि मांडीच्या मोठ्या शिरांपर्यंत वाढतात, आणि तेथून एखादा तुकडा सुटला की तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. मेडिसिनच्या रुग्णात हा प्रसंगदेखील वेष पालटून येतो. न्यूमोनियाच्या रुग्णाची धाप अचानक वाढली तर न्यूमोनिया वाढला असे वाटते. हृदयविकाराच्या रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर हृदय थकले असे वाटते. मृत्यूनंतर शवविच्छेदन क्वचितच होते, त्यामुळे समज तसाच राहतो. भारतीयांना अशा गुठळ्या फारशा होत नाहीत, या जुन्या समजुतीचे मूळ यातच असावे, असे मला वाटते. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत मेडिसिनच्या १००० प्रौढ रुग्णांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे १६ टक्के मृतदेहांच्या फुप्फुसात अशी गुठळी सापडली. शवविच्छेदन झालेले रुग्ण म्हणजे सगळे रुग्ण नव्हेत, हे खरे; पण आपल्याकडे हा आजारच नाही, असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरत नाही.

पाय दुखत नसताना गुठळी आहे, हे संशोधकांना कळले कसे? त्यांनी लक्षणे असोत वा नसोत, सगळ्यांचे पाय तपासले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेडेनॉक्स या चाचणीत ११०२ रुग्ण घेतले होते. काहींना एनॉक्झापॅरिन हे गुठळी रोखणारे इंजेक्शन रोज ४० मिलिग्रॅम, काहींना २० मिलिग्रॅम आणि काहींना औषध नसलेले नुसते इंजेक्शन देण्यात आले, आणि ६ ते १४ दिवसांच्या दरम्यान बहुतेकांच्या पावलाच्या शिरेत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढण्यात आले. औषध न मिळालेल्यांत १४.९ टक्के जणांना गुठळी आढळली, ४० मिलिग्रॅम मिळालेल्यांत ५.५ टक्के जणांना. २० मिलिग्रॅमचा मात्र उपयोग झाला नाही. २००४ च्या प्रिव्हेंट चाचणीत ३७०६ रुग्ण होते आणि तेथे रंगद्रव्याऐवजी सोनोग्राफी वापरली होती. तेथले आकडे औषध न मिळालेल्यांत ४.९६ आणि मिळालेल्यांत २.७७ टक्के, म्हणजे बरेच लहान आहेत. याचा अर्थ त्या रुग्णांना गुठळ्या कमी झाल्या, असा घ्यायचा नाही. सोनोग्राफीत मुख्यतः गुडघ्याच्या वरच्या मोठ्या शिरा पाहिल्या गेल्या आणि पोटरीतले बारीकसारीक मोजणीत आलेच नाही. गुठळ्यांचे प्रमाण किती, हा प्रश्न विचारताना कोणत्या साधनाने कोठवर पाहिले, हे आधी विचारावे लागते. वर्तमानपत्रात एकदा १५ टक्के आणि एकदा ५ टक्के वाचून गोंधळणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता खरी अडचण येते. इंजेक्शनाने न कळणाऱ्या गुठळ्या जवळजवळ निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होतात, हे तर दिसले. पण म्हणून माणसे वाचतात का? प्रिव्हेंटच्या रुग्णांची आकडेवारी पुन्हा तपासून २००५ मध्ये असे दाखवण्यात आले, की ज्यांच्या मांडीकडच्या मोठ्या शिरेत लक्षणाविना गुठळी होती त्यांच्यापैकी १३.७५ टक्के लोक ९० दिवसांत दगावले, तर ज्यांना गुठळी नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १.९२ टक्के होते. आकडा धडकी भरवणारा आहे, मात्र त्याचे दोन अर्थ लागतात. एक, गप्प गुठळीच मारक आहे. दुसरा, जो मुळातच फार आजारी आहे त्यालाच गुठळीही होते आणि मृत्यूही गाठतो. अशा वेळी गुठळी ही त्याच्या ढासळलेल्या प्रकृतीची खूण ठरते. पुढे २०११ मध्ये लाइफनॉक्स चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतले ८३०७ रुग्ण तीत होते. सर्वांना पायाला घट्ट मोजे होते, निम्म्यांना एनॉक्झापॅरिनही होते, आणि पायांची सरसकट तपासणी न करता ३० दिवसांतले मृत्यू मोजले गेले. एका गटात ४.९ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ४.८ टक्के. म्हणजे फरक नाही.

यावरून इंजेक्शन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वॉर्डातला रुग्ण अनेक कारणांनी दगावतो, आणि त्यांपैकी एकच कारण थोडे कमी केले तर एकूण आकड्यात ते उमटेलच असे नाही. पण सरसकट सगळ्यांना इंजेक्शन द्या, असेही यातून निघत नाही, कारण ज्याला गुठळीचा धोका नगण्य आहे त्याच्या वाट्याला फक्त रक्तस्रावाचा धोका येतो. अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शनात तीव्र आजाराने भरती झालेल्या मेडिसिनच्या रुग्णांसाठी या औषधांच्या बाजूने कौल दिला खरा, पण तो सशर्त. ही सावध भाषाच मला योग्य वाटते.

मग निवड कशी करायची? त्यासाठी गुणपत्रके आहेत. त्यांतले बरेच वापरले जाणारे पत्रक इटलीतल्या पादुआ शहराच्या नावाने ओळखले जाते आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सध्याचा कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, रक्त गोठण्याचा ज्ञात दोष आणि अंथरुणाला खिळणे, या प्रत्येकास ३ गुण. गेल्या महिनाभरातली शस्त्रक्रिया किंवा मोठी इजा असेल तर २. आणि वय ७० किंवा अधिक, हृदयाची वा श्वसनाची असमर्थता, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, तीव्र संसर्ग किंवा सांध्यांचा दाहजन्य आजार, लठ्ठपणा, हार्मोनचे उपचार यांना प्रत्येकी १. बेरीज ४ किंवा जास्त झाली की धोका मोठा समजतात. ज्या अभ्यासातून हे पत्रक पुढे आले, त्यात मोठा धोका असूनही औषध न मिळालेल्यांत ११ टक्के जणांना लक्षणांसह गुठळी झाली, तर कमी धोक्याच्या गटात अवघ्या ०.३ टक्के जणांना.

समजा, भंडाऱ्याहून ७२ वर्षांच्या एक आजी न्यूमोनियाने भरती झाल्या आहेत, ऑक्सिजन सुरू आहे, आणि मुलगा सांगतो की आई धरून धरून बाथरूमपर्यंत जाते, म्हणजे चालते आहे. वयाचा १, संसर्गाचा १, श्वास अपुरा पडत असल्याचा १. राहिले चालणे. येथे पत्रकातली व्याख्या महत्त्वाची आहे: किमान तीन दिवस खाटेवरच राहणे आणि फक्त बाथरूमपुरते उठणे, हेदेखील अंथरुणाला खिळण्यातच मोजले जाते. म्हणजे आणखी ३, आणि बेरीज ६. शेजारच्या खाटेवर ३५ वर्षांचा डेंग्यूचा रुग्ण आहे; त्याचा संसर्गाचा १ गुण सोडला तर दुसरे काही नाही, तो वॉर्डात फिरतो आणि त्याच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कोसळल्या आहेत. आजींच्या बाबतीत इंजेक्शनाचा विचार व्हायलाच हवा, आणि या तरुणाला ते देऊ नये. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत नागपूरच्या एकाच वॉर्डात असे दोन रुग्ण शेजारी शेजारी असणे अगदी शक्य आहे, म्हणूनच वॉर्डासाठी एकच नियम लावून भागत नाही.

विदर्भाच्या संदर्भात एक गोष्ट पत्रकाच्या बाहेर जाऊन ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या करणारा आनुवंशिक आजार. हा आजार आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. पत्रकात त्यासाठी वेगळी ओळ नाही. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाची छाती अचानक दुखू लागली तर ती सिकलसेलची छातीतली गुंतागुंत आहे की फुप्फुसात अडकलेली गुठळी, हे नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही. तरुण वय पाहून धोका कमी धरण्याची चूक अशा रुग्णांत सहज होते. भरतीच्या वेळी सिकलसेलचे कार्ड सोबत असेल तर ते नातेवाइकांनी आवर्जून दाखवावे.

इंजेक्शन देण्याची रीत साधी आहे, तरी तिच्यावरून वॉर्डात नेहमी कुरबुर होते. छोटी, आधीच भरलेली सिरिंज असते; ४० मिलिग्रॅमच्या मात्रेत अवघे ०.४ मिलिलीटर औषध. बेंबीपासून थोडे दूर, पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालतात आणि औषध संपेपर्यंत चिमटी सोडत नाहीत. सिरिंजमधला हवेचा छोटा बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो, तो काढून टाकायचा नसतो. आणि नंतर ती जागा चोळायची नसते. चोळली की निळसर डाग मोठा होतो. न चोळताही थोडा डाग पडतोच, आणि तो पाहून, सिस्टरने नीट दिले नाही, अशी तक्रार सुरू होते. काळजी करायची ती अन्य गोष्टींची: काळी शौच, लघवीतून रक्त, हिरड्यांतून न थांबणारे रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी. ज्याची मूत्रपिंडे बरीच निकामी आहेत त्याच्या शरीरात हे औषध साठत जाते, म्हणून मात्रा कमी करतात किंवा त्याच कुळातले जुने औषध, साधे हेपॅरिन, निवडतात. क्वचित हेपॅरिनमुळेच प्लेटलेट घटतात आणि उलट गुठळ्या वाढतात, यासाठी मधून मधून प्लेटलेट तपासाव्या लागतात. पूर्वीपासून अ‍ॅस्पिरिन सुरू आहे म्हणून हे इंजेक्शन नको, असा युक्तिवाद नातेवाईक करतात. अ‍ॅस्पिरिन मुख्यतः धमन्यांमधल्या गुठळीसाठी असते आणि वॉर्डातल्या अशा रुग्णात ते या इंजेक्शनाची जागा घेत नाही.

ज्यांना रक्तस्रावाची भीती आहे त्यांच्यासाठी पायांभोवती गुंडाळायच्या, हवेने फुगून आवळणाऱ्या आणि सैल होणाऱ्या पट्ट्यांचे यंत्र असते. पक्षाघाताच्या २८७६ रुग्णांवरील २०१३ च्या क्लॉट्स ३ चाचणीत या यंत्राने गुठळ्यांचे प्रमाण १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. घट्ट मोज्यांचे तसे नाही. २००९ च्या क्लॉट्स १ चाचणीत पक्षाघाताच्या रुग्णांत मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडी सोलवटण्याचे आणि जखमांचे प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर गेले. मोज्यांऐवजी क्रेप बँडेज गुंडाळून समाधान मानण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. त्याचा दाब कोठे किती पडतो, हे गुंडाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. रुग्णाला लवकर उठवणे, पावले वरखाली हलवायला लावणे, पाणी पुरेसे देणे हे सर्व करावेच, मात्र ज्याच्या पत्रकात ६ गुण आहेत त्याचे एवढ्यावरच निभावेल असे धरू नये.

एवढे करण्यापेक्षा सगळ्यांची डॉप्लर तपासणी, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, का करून टाकू नये, असे कोणीही विचारील. तपासणी तशी सुटसुटीत आहे: जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब ठेवून हलका दाब देतात, पडद्यावर शेजारी शेजारी दोन गोल दिसतात, त्यांतली धमनी गोलच राहून ठोके देत असते आणि निरोगी शीर दाबाखाली पार चपटी होते. आत गुठळी असेल तर शीर दबत नाही. परंतु आज दबणारी शीर परवा दबेलच, याची हमी नसते. पोटरीतल्या छोट्या गुठळ्या निसटतात. आणि हजारो रुग्णांचे पाय तपासत बसलो तर सोनोग्राफी ज्याला खरोखर तातडीने हवी त्याला ती मिळत नाही. म्हणून लक्षणे नसताना सरसकट डॉप्लर करण्याची शिफारस केली जात नाही. डी-डायमर या रक्ततपासणीचाही येथे उपयोग मर्यादित आहे, कारण संसर्ग, कर्करोग, वाढलेले वय, गर्भावस्था अशा अनेक कारणांनी ती वाढलेली येते. वॉर्डातल्या आजारी माणसात ती वाढलेली नसली तरच नवल.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अशी गुठळी अवचित सापडली, तर ती कोठे आहे यावर पुढचे ठरते. गुडघ्याच्या वरच्या मोठ्या शिरेतली असेल तर लक्षणे नसली तरी सामान्यतः पूर्ण मात्रेत उपचार करतात, आणि ते बहुधा किमान तीन महिने चालतात. पोटरीपुरतीच असेल आणि रक्तस्रावाचा धोका मोठा असेल, तर काही वेळा औषध न देता साधारण एक आणि दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून ती वर सरकते का, हे पाहतात. प्रतिबंधाची मात्रा आणि उपचाराची मात्रा वेगवेगळ्या असतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला दिवसातून दोनदा इंजेक्शन मिळते आणि आमच्या रुग्णाला एकदाच का, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

घरी गेल्यावरही हा धोका लगेच संपत नाही. रुग्णालयाशी निगडित गुठळ्यांपैकी बऱ्याच सुट्टी झाल्यानंतरच्या आठवड्यांत उघड होतात. म्हणून सगळ्यांनाच घरी इंजेक्शने चालू ठेवावीत का, तर नाही. उपरोक्त २०१८ च्या मार्गदर्शनाने रुग्णालयातल्या मुक्कामापुरतेच औषध पसंत केले आहे, कारण लांबवल्यास रक्तस्राव वाढतो. सुट्टीच्या वेळी मात्र डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याव्यात: इंजेक्शन दिले होते का, शेवटचे कधी दिले, आणि घरी काही घ्यायचे आहे का. पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, तेथे दुखू लागले, तर तेल लावून जोरात चोळू नये, त्याच दिवशी दाखवावे. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचले, खोकल्यातून रक्त आले किंवा रुग्ण घेरी येऊन पडला, तर ओपीडीची वेळ पाहू नये; १०८ ला फोन करावा आणि इमर्जन्सीत पोचताच गेल्या तीन महिन्यांतल्या भरतीचा उल्लेख करून तेच कार्ड पुढे करावे.